मधली तेरा मिनिटं

चित्रभान न्यासाच्या शिबिरात दुपारी भरीत-पुरी असते आणि लोक ती उभ्या-उभ्या, एका हातात द्रोण धरून, दुसऱ्या हातानं हवेत चौकटी काढत खातात. जळगावचं भरीत उभ्यानं खाणाऱ्या माणसाला कुठल्याच गोष्टीची चव कळत नाही असं माझं मत आहे, आणि तेरा वर्षं या लोकांना सिनेमा दाखवून ते बदललेलं नाही.

मी रुपचंद. धुळ्याच्या एका टॉकीजमध्ये सव्वीस वर्षं ऑपरेटर होतो. टॉकीज पाडून तिथं मंगल कार्यालय झालं तेव्हा प्रेमराजभाऊंनी मला जळगावला बोलावून घेतलं. भाऊ म्हणजे न्यासाचे अध्यक्ष. केळीचा मोठा व्यापार, यावलकडे बागा, आणि तरुणपणी पुण्यात एका मुलीच्या मागे फिरता फिरता फिल्म क्लबात गेल्यामुळे लागलेला हा नाद. मुलगी दुसऱ्याची झाली, नाद भाऊंकडे राहिला. केळी पिकवायच्या त्यांच्या जुन्या वातानुकूलित खोल्या, ज्यांना धंद्यात रायपनिंग चेंबर म्हणतात, नवीन प्लांट झाल्यावर रिकाम्या पडल्या होत्या. त्यातल्या दोन खोल्यांमधली भिंत पाडली आणि न्यासाचं प्रेक्षागृह झालं. खिडकी नाही, दार वीतभर जाड, आत अठरा डिग्रीची थंडी. पाहुण्यांना सत्काराच्या शाली मिळतात म्हणून ते सुखात असतात, बाकीचे कुडकुडत जगाचा सिनेमा बघतात.

न्यासाचं काम कागदावर असं आहे: जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत उत्तम सिनेमा दाखवायचा, लोकांना तो बघायला शिकवायचं, आणि दरवर्षी एका होतकरू मुलाला किंवा मुलीला पुण्याच्या एका संस्थेत एडिटिंगच्या वर्षभराच्या अभ्यासक्रमाला पाठवायचं. राहणं, जेवण, फी सगळं न्यासाकडे. हे शेवटचं काम खरंच चांगलं आहे, हे मला मान्य केलं पाहिजे. निवड जानेवारीतल्या पाच दिवसांच्या शिबिरात होते. शिबिराला चाळीस माणसं येतात. त्यात कॉलेजनं हजेरीसाठी पाठवलेली पोरं असतात, प्रमाणपत्राच्या आशेनं आलेले मास्तर असतात, दोन-तीन कवी असतात, आणि वरणगावच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक साहेब असतात, जे पहिल्या दहा मिनिटांत झोपतात आणि चर्चेत सगळ्यांच्या आधी हात वर करतात.

शिबिर शिकवतात अभिमन सर. धुळ्याच्या कॉलेजात तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेले. सरांच्या वर्गात सिनेमा 'आवडला' म्हणायला बंदी आहे. 'कळला नाही' म्हणायलाही बंदी आहे, कारण काय कळलं नाही ते सर ठरवतात आणि मग तेच समजावून सांगतात. अवकाश, मौन, अनुपस्थिती हे त्यांचे तीन शब्द. पडद्यावर माणूस दिसला तर अवकाश, बोलला नाही तर मौन, आणि दिसलाच नाही तर अनुपस्थिती. या तीन शब्दांवर माणूस तीस वर्षं काढू शकतो, हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

आता अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. परदेशातून आलेल्या एका डॉक्टरनं न्यासाला एका जुन्या काळ्या-पांढऱ्या सिनेमाची डीव्हीडी भेट दिली. दिग्दर्शकाचं नाव भाऊ तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी उच्चारत. सरांनी सिनेमाचं मराठी नाव ठेवलं, 'मिठाची वाट'. घोड्यावर मीठ लादून डोंगरापलीकडे विकायला नेणारा एक माणूस, त्याची बायको, लहान मुलगी. बर्फ, वारा, घोड्याच्या गळ्यातली घंटा. पहिल्या खेळाच्या आदल्या दिवशी ती डीव्हीडी माझ्या हातून सिमेंटच्या फरशीवर पालथी पडली आणि वाळूवर घासली गेली. मी पुसून ठेवली आणि कुणाला बोललो नाही.

खेळ चालू असताना तासाभरानं चित्र अडकलं. बाई दारात उभी, नवऱ्याला म्हणते, 'तू आज जर', आणि तिथंच तोंड उघडं. खाली पुण्याहून आलेले दोन पाहुणे शाली पांघरून बसलेले. मी बटण दाबून पुढे गेलो. पुन्हा अडकलं, पुन्हा दाबलं. शेवटी जिथून सुरळीत चाललं तिथं बाई केस कापलेली, मुलीचा हात धरून बर्फातून चालली होती. ना नवरा, ना घोडा. मला घाम फुटला. टॉकीजमध्ये रीळ बदलताना अर्ध्या मिनिटाचा अंधार झाला तरी खालच्या वर्गातून माझ्या आईचा उद्धार व्हायचा. एकदा मॅटिनीला माझ्याकडून एक रीळ वगळलं गेलं, तर मार्केट यार्डातल्या एका हमालानं जिना चढून केबिनचं दार वाजवलं आणि हिरोच्या हाताला पट्टी कुठून आली ते आधी दाखव म्हणाला. त्यामुळे दिवे लागले तेव्हा मी नोकरी गेली असं समजूनच बसलो होतो.

दिवे लागले आणि पाहुण्यांपैकी एकजण उठून म्हणाले की पुरुषाला असं एका कटमध्ये नाहीसं करायला दिग्दर्शकाचं काळीज लागतं. दुसरे म्हणाले, अर्धवट तुटलेलं ते वाक्य म्हणजे सगळ्या बायकांचं न बोललं गेलेलं वाक्य आहे. अभिमन सरांनी ते लगेच वहीत लिहून घेतलं. चाळीस माणसांत एकाला शंका आली नाही. मी केबिनमध्ये खाली बसलो आणि पोट धरून हसलो.

पुढच्या वर्षी संगणकावरून सिनेमे दाखवायचं ठरलं तेव्हा डीव्हीडीतून जेवढं निघालं तेवढं उतरवून घेतलं. इंटरनेटवर तो सिनेमा कुठं मिळत नाही, आणि मिळत असता तरी यांच्यापैकी कुणी शोधला नसता. मग 'मिठाची वाट' दर शिबिरात तिसऱ्या दिवशी दाखवायची प्रथाच पडली. त्या जागेवर सर दोन तास बोलतात. त्यांनी चौसष्ट पानांची पुस्तिका लिहिली, 'रिकामी चौकट', न्यासानंच छापलेली. भाऊ मंत्र्यांना, बँकवाल्यांना, केळीच्या व्यापाऱ्यांना ती भेट देतात. अकरा वर्षं मी हे काचेआडून बघत आलो. खरं सांगायचं तर मला वर्षाकाठी एवढीच एक करमणूक होती, आणि ती सोडायची माझी इच्छा नव्हती. शहाणी म्हणवणारी माणसं माझ्या हातून पडलेल्या भोकात डोकं घालून बसलेली बघण्यात जी मजा आहे, ती कुठल्या सिनेमात नाही.

या जानेवारीत पारोळ्याची पुनम शिबिराला आली. बावीस वर्षांची. तिचे वडील तोताराम यांचा पारोळ्यात फोटो स्टुडिओ आहे आणि लग्नाच्या शूटिंगचं मिक्सिंग, म्हणजे सगळं कापून जोडून गाणी लावून देणं, ही बारावीपासून करत आली आहे. तिनंच सांगितलं की दोनशेच्या वर लग्नं तिच्या हाताखालून गेली. पहिल्या दिवशी ओळख करून देताना सरांनी हे ऐकलं आणि ते दुःखी चेहऱ्यानं हसले. हिला आधी सगळं विसरावं लागेल, असं ते भाऊंना म्हणाले. तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले.

दुपारी सगळे उभ्यानं भरीत खात असताना पुनम एका कोपऱ्यात मांडी घालून बसली आणि नीट जेवली. माझी तिची ओळख तिथं झाली. तिच्या घरचा हिशोब सरळ होता. आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीया झाली की, तिचं लग्न करायचं वडिलांनी ठरवलं होतं, शिरपूरकडचं स्थळ आलेलं होतं. तिनं हट्ट धरला तेव्हा तोताराम एवढंच म्हणाले की न्यासानं तुझं नाव काढलं तर पुण्याला जा, मी पाहुण्यांना वर्षभर थांबवतो. नाही काढलं तर पुन्हा विषय काढायचा नाही. म्हणून ती आली होती. पुण्याला काय शिकायचं आहे विचारलं तर म्हणाली, लग्नात कुठं कापायचं ते आपोआप कळतं, पण का कळतं ते मला माहीत नाही, ते शिकायचं आहे. सरांच्या चौसष्ट पानांत याच्याइतकं शहाणं वाक्य नाही.

तिसऱ्या दिवशी 'मिठाची वाट' झाली. दिवे लागले. सरांनी नेहमीप्रमाणे डोळे मिटून एक मिनिट मौन पाळलं आणि मग विचारलं की त्या कटबद्दल कुणाला काय वाटतं. वरणगावच्या साहेबांनी हात वर केला आणि अनुपस्थिती म्हणून खाली घेतला. धुळ्याचा कौतिक नावाचा एक मुलगा उठला. त्यानं पुस्तिका पाठ केली होती. तो पुरुषाच्या विसर्जनाबद्दल चांगलं बोलला. सर मान डोलावत होते. मग पुनम उभी राहिली.

"सर, मधला भाग गेलाय," ती म्हणाली.

कुठं गेलाय, असं सरांनी गोड आवाजात विचारलं आणि सगळे हसले. पुनमला घाम आलेला दिसत होता, त्या थंडीत. पण तिनं मोजून सांगितलं. बाईचं वाक्य अर्ध्यावर तुटतं, आणि तिच्यामागचा वाऱ्याचा आवाजही त्याच क्षणी तुटतो. मुद्दाम कापणारा माणूस आवाज असा मध्येच तोडत नाही. दुसरं, नंतर ती बर्फातून चालते तेव्हा तिच्या पायात नवऱ्याचे बूट आहेत, डाव्या बुटाला दोरी बांधलेले तेच. तो ते घालून निघाला होता. म्हणजे तो घरी परत आला असला पाहिजे.

"आमच्याकडे हळदीचं मेमरी कार्ड उडालं ना सर, की शूटिंग अगदी असंच दिसतं," ती म्हणाली.

अकरा वर्षांत मी ते बूट पाहिले नव्हते. सरांनीही नाही. पण सर सर असल्यामुळे त्यांना ते पाहायची गरज नव्हती. ते म्हणाले, बाळ, हा पारोळ्याचा लग्नाचा व्हिडिओ नाही. इथं नवरदेव शोधायचा नसतो, त्याचं नसणं सोसायचं असतं. पुन्हा हशा झाला. भाऊसुद्धा हसले. आणि केबिनमध्ये मीही हसलो, कारण एका पोरीनं एका बैठकीत जे ओळखलं ते एवढ्या पदव्यांना अकरा वर्षांत दिसलं नव्हतं. त्या हसण्यात मी इतका रमलो की खाली ती पोर एकटी उभी आहे आणि तिचं वर्ष पणाला लागलंय, हे माझ्या मनात आलंच नाही.

संध्याकाळच्या चहाला ती केबिनमध्ये आली. तिनं भांडण केलं नाही. डीव्हीडीच्या कव्हरवर सिनेमाची लांबी लिहिलेली असते, तेवढी बघू द्या म्हणाली. आपल्याकडच्या फाइलची लांबी तिनं पडद्यावरून टिपून घेतली होती, नव्व्याण्णव मिनिटं. मी सांगितलं की कव्हर केव्हाच हरवलं. ते कव्हर, डीव्हीडीसकट, एका पत्र्याच्या पेटीत होतं आणि त्या पेटीवरच मी बसलो होतो. ती बरं म्हणाली आणि कप धुऊन ठेवून गेली.

चौथ्या दिवशी मुलाखती झाल्या. भाऊ, सर आणि पुण्याच्या संस्थेतून आलेल्या एक बाई. खोली माझ्या केबिनला लागून आहे, सगळं ऐकू येतं. सरांनी पुनमला विचारलं की कालचं म्हणणं ती मागे घेते का. आवाज असा की जणू माफी मागायला छान संधी देत आहेत. ती म्हणाली, कव्हर दाखवा, त्यावर नव्व्याण्णव मिनिटं लिहिलेली असली तर मागे घेते. पुण्याच्या बाईंना हे उत्तर आवडलं असावं, कारण कव्हर आहे का असं त्यांनी विचारलं. सर म्हणाले, असल्या तपशिलात सिनेमा नसतो.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पहाटे उठून मी पेटी उघडली. कव्हरवर एकशे बारा मिनिटं लिहिलेली होती. ओरखडे पडलेल्या डीव्हीडीला टूथपेस्ट लावून कापसानं मधून बाहेर पुसत गेलं की कधी कधी ती चालते, हे मला केव्हापासूनचं ठाऊक होतं. अकरा वर्षांत एकदाही केलं नव्हतं. पाच-सहा वेळा पेस्ट लावली, पुसली, धुतली. सहाव्या वेळी बाईचं वाक्य पुढे सरकलं.

'तू आज जर गेलास, तर हे बूट भिजायच्या आत परत ये.' एवढंच होतं ते. सगळ्या बायकांचं न बोललं गेलेलं वाक्य वगैरे काही नाही, ओल्या बुटांची काळजी होती. मग तो परत येतो, ताप घेऊन. दाराबाहेर बूट काढतो. ती गरम पाण्यानं त्याचे पाय धुते. घोडा विकून औषध आणते. तो तिसऱ्या दिवशी मरतो आणि ती रडत नाही, शेजारणी येऊन तिचे केस कापतात. मग ती ते बूट पायात घालून पाहते. मोठे होतात. ती चिंध्या कोंबते, डाव्या बुटाची दोरी आवळते, मुलीला उठवते आणि निघते. तेरा मिनिटं. मी एकटा बघत होतो आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. त्या माणसाचं मरण, बाईचं पाणी तापवणं, सगळं मी अकरा वर्षं पेटीत घालून वर बसलो होतो, चार माणसांची फजिती बघायला मिळावी म्हणून. मला माझी किळस आली.

नऊ वाजता, शिबिरार्थी यायच्या आधी, मी भाऊंना आणि सरांना बसवलं आणि ती तेरा मिनिटं दाखवली. काय झालं होतं तेही सांगितलं, फरशीपासून. दिवे लावले. सर पांढरे पडले होते. मला वाटलं की आता हे दोघं माणसांसारखं वागतील.

भाऊ आधी बोलले. पुस्तिकेची दुसरी आवृत्ती छापखान्यात आहे, म्हणाले. सरांचा रंग तोवर परत येत होता. मी डोळ्यांनी तो येताना पाहिला. ते हळूहळू म्हणाले की ही तेरा मिनिटं तशी दुबळीच आहेत. भावुक आहेत. दिग्दर्शकाला स्वतःच्या सिनेमाचं बळ कळलेलं नाही. न्यासाची प्रत, असा शब्द त्यांनी वापरला, न्यासाची प्रत जास्त सशक्त आहे. म्हणजे वाळूवर घासलेली प्रत. माझ्या हातून पडली म्हणून सशक्त झालेली.

मी विचारलं की मग पुनमचं काय. भाऊ तसे वाईट नाहीत, त्यांनी सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "तिला घेतलं तर ती हे पुण्यात सांगेल. रुपचंदभाऊ, तुम्ही समजूतदार आहात."

पोरीचं बरोबर निघालं म्हणूनच तिला पाठवायचं नाही, हे त्यांनी एवढ्या सोज्वळपणे सांगितलं की क्षणभर मलाही ते रीतसर वाटलं. भाऊ उठताना म्हणाले, ही डीव्हीडी आता कुणाला दाखवू नका. मी बरं म्हणालो.

समारोप बारा वाजता होता. हार, नारळ, शाली. पुण्याच्या बाईंचा सत्कार, वरणगावच्या साहेबांचा सत्कार, भरीत करणाऱ्या यशोदाबाईंचा सत्कार. मग सरांनी नाव जाहीर केलं: कौतिक. पोरगा बिचारा उठून पाया पडला. त्याचा काही दोष नाही. पुनम तिसऱ्या रांगेत बसली होती आणि टाळ्या वाजवत होती. सगळ्यांसारख्याच, हळू नाही, जोरात नाही.

मग न्यासाच्या पंधरा वर्षांची छायाचित्रं पडद्यावर दाखवायची होती. भाऊ माइकवरून म्हणाले, रुपचंदभाऊ, चालू करा. डीव्हीडी यंत्रात होती. सकाळपासून मी ती काढलीच नव्हती, आणि का काढली नव्हती ते मला नीट ठाऊक होतं. एक बटण दाबलं असतं तर बाईनं वाक्य पूर्ण केलं असतं. चाळीस माणसं होती, पुण्याच्या बाई होत्या, कव्हरही खिशात होतं. मला कुणी अडवू शकलं नसतं, केबिनला आतून कडी आहे.

मी छायाचित्रं चालू केली. भाऊ पाहुण्यांना पुस्तिका देताना, सर चौकट दाखवताना, भाऊ पुन्हा पुस्तिका देताना. मानधन जाईल म्हणून केलं नाही असं मी नंतर स्वतःला सांगून पाहिलं, पण ते खरं नाही. माझा मुलगा चांगला कमावतो. खरं एवढंच की मॅनेजरची बेल वाजली की चालू, बेल वाजली की बंद, असं मी सव्वीस वर्षं केलं आणि पुढची तेरा. ज्या माणसांची मी मनात रोज खिल्ली उडवत होतो, त्यांचा एक शब्द मोडायची वेळ आली तेव्हा हात आपोआप त्यांच्या बाजूला गेला.

सामान आवरायच्या आधी मी बसस्थानकावर गेलो. पुनम पारोळ्यावरून जाणाऱ्या धुळ्याच्या गाडीची वाट बघत बाकावर बसली होती. मी डीव्हीडी आणि कव्हर तिच्या हातात दिलं. तूच बरोबर होतीस, भाऊंनी आणि सरांनी ते सकाळी डोळ्यांनी पाहिलं, हे सांगितलं. तिला बरं वाटेल अशी माझी कल्पना होती. तिनं कव्हरवरचा आकडा वाचला आणि दोन्ही वस्तू परत माझ्या हातात ठेवल्या.

"माले दखानी गरज नही, नाना," ती म्हणाली. "तो आजारी व्हईसन परत उना, घरमाच मरना. बूट तिले मोठा व्हतात, म्हनीसन ती पाय घसडत चालस. हाईच शे ना मजार?"

मधल्या भागात हेच होतं, मी हो म्हणालो. तिनं विचारलं की मला हे कधीपासून माहीत होतं. अकरा वर्षं, मी सांगितलं. आणि सकाळी त्या दोघांना दाखवून झालं होतं, तर मग समारोपाला काय झालं, असं तिनं विचारलं. मी सांगितलं की भाऊंनी दाखवू नका म्हटलं होतं. ती माझ्याकडे बघत राहिली. मी सरांकडे जसा बघतो तसं ती बघत होती, आणि ते ओळखायला मला क्षणही लागला नाही.

"तवय मशीन कोन्हा हातमा व्हतं, नाना?" तिनं विचारलं.

मशीन माझ्याच हातात होतं. गाडी लागली. तिनं पिशवी उचलली, पायरीवर एक पाय ठेवला आणि उद्याच्या कामाचं सांगावं तशा साध्या आवाजात म्हणाली की सुट्टी संपली, स्टुडिओत सतरा लग्नं पडून आहेत.

"आते मन्हा लगननं मिक्सिंगबी मालेच करनं पडी," ती म्हणाली आणि आत जाऊन बसली.

गाडी सुटेपर्यंत मी खिडकीखाली उभा होतो. सर मूर्ख आहेत, भाऊ मिरवायचे भुकेले आहेत, बाकीचे मेंढरं आहेत, असं मी आयुष्यभर म्हणत आलो आणि त्यात चूक काही नव्हती. पण अकरा वर्षं त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं.